सहासष्ट फूट तार

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच सांगतात. सांगणारे लोक बहुधा छंदिष्ट माणसाच्या घरात, किंवा निदान त्याच्या इमारतीत राहत नसावेत. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याचा कुणालाच त्रास नाही. तो मुका छंद आहे. बासरी शिकणाऱ्याचा त्रास एका मजल्यापुरता, कुत्रा पाळणाऱ्याचा जिन्यापुरता. परंतु हॅम रेडिओचा छंद ज्याला जडतो, त्याला गच्ची लागते, पाण्याची टाकी लागते, समोरच्याचं झाड लागतं आणि या सर्वांच्या वरचं थोडं आभाळही लागतं. एवढी स्थावर मालमत्ता बँकेतल्या कारकुनाच्या नावावर असण्याचा प्रश्नच नाही. माझ्या नावावर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे, आणि तोही अजून बँकेकडे गहाण आहे.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांचं बिनतारी संदेशवहन. ‘बिनतारी’ हा शब्द ज्या कुणी काढला, त्याने आयुष्यात कधी अँटेना बांधलेली नसावी. कारण या बिनतारी प्रकरणात तारेशिवाय दुसरं काही नाही. रेडिओचं यंत्र म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढं. ते कपाटात बसतं, शेजाऱ्यांना दिसत नाही, बायकोलाही पहिले पंधरा दिवस दिसलं नाही. पण तार लपत नाही.

“मोबाईल असताना हे कशाला?” हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारला आहे की त्याचा रबरी शिक्का करून घ्यावा असं वाटतं. उत्तर सोपं आहे. मोबाईलवर आपण ज्याचा नंबर आहे त्यालाच हाक मारतो, आणि नंबर असणाऱ्यांपैकी निम्म्यांशी आपल्याला बोलायचं नसतं. हॅम माणूस ‘सीक्यू’ अशी हाक देतो. तिचा अर्थ, “आहे का हो कुणी?” मग जगात कुणीतरी, जो आपल्याला ओळखत नाही, ज्याला आपल्याकडून कर्ज नको आहे आणि पासबुकही भरून नको आहे, तो म्हणतो, “आहे की!” बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला यात केवढं सुख आहे, हे इतरांना कळायचं नाही.

यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते. मी दिली. विजेचे नियम, रेडिओचे कायदे आणि मोर्सची कडकट्ट, मिनिटाला आठ शब्द. पास झाल्यावर सरकार आपल्याला एक सांकेतिक नाव देतं. भारतातल्या हौशी केंद्रांची नावं बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. शाखेत मला गेली कित्येक वर्षं ‘काउंटर नंबर चार’ याच नावाने ओळखतात.

आता अँटेनेचं गणित सांगतो. घाबरू नका, मी कॉमर्सचा आहे. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. ४६८ ला आपल्या मेगाहर्ट्झने भागायचं; जे येईल तितकी फूट तार. मला सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलायचं होतं. ४६८ भागिले ७.१, म्हणजे सुमारे ६६ फूट. ही तार मधोमध कापून दोन भाग करायचे, मध्ये केबल जोडायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर लावायचे आणि जमेल तितक्या उंच, सरळ ताणायची. याला डायपोल म्हणतात. एवढा सोपा हिशेब मी बी.कॉम.ला पाहिला नव्हता. अडचण एकच. आमची गच्ची चाळीस फूट लांब आहे.

या अडचणीतून मोठी माणसंही सुटलेली नाहीत. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीसाहेब न्यूफाउंडलंडच्या एका टेकडीवर इंग्लंडहून येणारा संदेश ऐकायला बसले. त्यांना पाचशे फुटांच्या आसपास उंच तार हवी होती. आदल्या दिवशी फुगा सोडला तो वाऱ्याने नेला. मग त्यांनी पतंगाला तार बांधून उडवली, आणि त्या पतंगाच्या तारेवर अटलांटिक समुद्र ओलांडून आलेले तीन टिंब ऐकले. संक्रांतीला आमच्या गच्चीवर शंभर पतंग असतात, पण त्या दिवशी फक्त ‘काऽऽटा’ एवढाच संदेश ऐकू येतो.

तारेऐवजी दांड्यांची अँटेना लावणारेही आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं गच्चीगच्चीवर ॲल्युमिनियमच्या माशाच्या काट्यासारखं जे दिसायचं, कावळे ज्यावर बसले की घरातलं चित्र हलायचं, ती यागी अँटेना. १९२६ च्या सुमारास जपानात सेंदाई इथल्या विद्यापीठात ती जन्मली. बरंचसं काम केलं शिंतारो उडा यांनी. ते हिदेत्सुगु यागी या प्राध्यापकांचे सहकारी. पुढे यागींनी इंग्रजीत लेख लिहिला आणि जगभर नाव झालं यागी. पुस्तकांत अजून ‘यागी-उडा’ लिहितात, पण बोलताना उडा उडतात. ही हकिगत मी जेवणाच्या सुट्टीत शाखेत सांगितली तेव्हा साहेबांना ती फारशी आवडली नाही. कारकून मंडळींनी मात्र पुन्हा सांगायला लावली.

असो. गच्ची सोसायटीची, म्हणून अर्ज केला. अर्ज सर्वसाधारण सभेपुढे ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात आला. हे सदर रात्री साडेदहाला, चहा संपल्यावर येतं, त्यामुळे त्या वेळी उरलेली माणसं चिडलेलीच असतात.

“या तारेने कॅन्सर होतो का?” पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात हृदयावर एक मोबाईल होता आणि दुसरा कानाला होता.

“वीज पडली तर?” मी सांगितलं, जमिनीत तांब्याचा रॉड, भोवती कोळसा आणि मीठ, अशी अर्थिंग करणार आहे, आणि ढग दिसले की केबल काढून ठेवणार आहे.

“मोबाईल टॉवरवाले गच्चीचं भाडं देतात. तुम्ही किती देणार?” हा चेअरमनांचा प्रश्न. मी मेंटेनन्स वेळेवर देतो, असं उत्तर दिल्यावर तीन सभासदांनी माना खाली घातल्या.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “तारेवर कबुतरं बसतील.” या मुद्द्यावर चर्चा पाऊण तास चालली. कबुतरांविषयी आमच्या सोसायटीत जेवढं ज्ञान आहे तेवढं कुठल्याही पक्षिमित्राकडे नसेल. कुणी म्हणालं पातळ तारेवर कबुतर बसत नाही, कुणी म्हणालं बसतं पण टिकत नाही. एका सभासदाने उभं राहून कबुतर तारेवर कसं तोल सावरतं तेही करून दाखवलं.

शेवटी मी उठलो. म्हटलं, २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला, टेलिफोन मेले, तेव्हा हॅम मंडळी आपली यंत्रं आणि तारा घेऊन तिथे पोचली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद या बाई हौस म्हणून अंदमानात हॅम केंद्र चालवत होत्या. हौस बाजूला ठेवून त्यांनी पोर्ट ब्लेअरहून लोकांच्या खुशालीचे निरोप पोचवायला सुरुवात केली. एक यंत्र, एक बॅटरी आणि उंच बांधलेली एक तार. बाकी सगळं कोसळलं की एवढंच उरतं.

सभा गप्प झाली. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. मग खजिनदार हळूच म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे काही झालं तर पाण्याच्या टँकरवाल्याला यावरून निरोप देता येईल?” ठराव एकमताने मंजूर झाला. सोबत अकरा अटी. त्यातली अकरावी अशी: ‘तारेचे दुसरे टोक सोसायटीच्या हद्दीबाहेर बांधल्यास ती जबाबदारी सर्वस्वी सभासदाची राहील.’

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि परत येताना गळ्यात केबलचं वेटोळं. केबल गळ्यात घालून लोकलमध्ये शिरलेला माणूस हा केबलवालाच असतो, याबद्दल मध्य रेल्वेच्या प्रवाशांत दुमत नाही. ठाण्यापर्यंत तिघांनी आपापल्या चॅनेलच्या तक्रारी नोंदवल्या. एकाने तर पावती मागितली. तारेच्या मध्यावर एक बालुन बसवावा लागतो, म्हणजे केबलचा आणि तारेचा स्वभाव जुळवणारं छोटं वेटोळं. आमच्या चिरंजीवांनी सोसायटीत सांगून ठेवलं की बाबा गच्चीवर बलून लावणार आहेत. रविवारी सकाळी गच्चीवर अकरा मुलं हजर होती.

“एवढी तार बांधताच आहात, तर दोन चादरी...” आमची ही म्हणाली. मी समजावलं, की यंत्र चालू असताना त्या तारेच्या टोकाला हात लागला तर चटका बसतो. “म्हणजे इस्त्रीही होईल,” ती म्हणाली. हॅम मंडळींच्या सांकेतिक भाषेत तरुण मुलीला ‘वायएल’ म्हणतात आणि बायकोला ‘एक्सवायएल’, म्हणजे माजी तरुणी. ही माहिती मी अद्याप घरात दिलेली नाही.

आता तारेचं दुसरं टोक. आमच्या गच्चीवरून बघितलं तर टाकीपासून बरोबर सत्तर फुटांवर, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, एका जुन्या बंगलीच्या आवारात उंच माड उभा आहे. मध्ये विजेची लाईन नाही, इमारत नाही. देवाने हॅम माणसासाठीच लावलेला असावा. फक्त त्या माडाच्या मालकांशी आमच्या सोसायटीचं सहा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण नारळ. माड त्यांचा, पण वर जरा आमच्याकडे झुकलेला. नारळ पडायचे ते आमच्या आवारात. काकांचं म्हणणं, झाड माझं तर फळ माझं. सोसायटीचं म्हणणं, जमीन आमची आणि डोकी आमची. एका वर्षीच्या ताळेबंदात ‘इतर उत्पन्न: नारळ’ अशी नोंद आली, ती काकांना कुणीतरी दाखवली, आणि संबंध संपले. पुढे कुणीच नारळ उचलेना. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती बेवारस ठेव झाली.

मी संध्याकाळी बंगलीचं फाटक वाजवलं. काका ओसरीवर बसले होते. वय एकोणऐंशी, ताठ.

“काय काम?”

“काका, तारेसाठी आलोय.”

काका एकदम उभे राहिले. मग माझ्याकडे नीट बघून पुन्हा खाली बसले. “तार? आता कुठली तार? जुलै २०१३ मध्ये बंद झाली ती. मी त्याच्या आधीच रिटायर झालो, म्हणून बघावं लागलं नाही.”

तेव्हा मला कळलं की ज्यांच्याशी आमची अख्खी सोसायटी सहा वर्षं बोलत नव्हती, ते चौतीस वर्षं तार ऑफिसात तारमास्तर होते. सहा वर्षांत आम्हाला त्यांच्या नारळांची संख्या पाठ झाली होती, आणि माणसाची ही एवढी गोष्ट ठाऊक नव्हती.

मी माझी तार कुठली ते सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, “कोड येतो?”

“मिनिटाला आठ शब्द. परीक्षेपुरता.”

“आठ? आठ शब्दांत तर माणूस खाकरून घेतो. आम्ही पंचवीस घ्यायचो. शेजारी चार यंत्रं कडकडत असायची, त्यातून आपलं तेवढं ऐकायचं.” बोलता बोलता त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजायला लागलं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा थांबलं. “लोकांना वाटायचं तार म्हणजे मरणाचीच. घरात तार आली की आधी रडायचे, मग वाचायचे. पण आम्ही बाळंतपणं पाठवली, नोकऱ्या पाठवल्या. शुभेच्छांना तर नंबर असायचे. नंबर ठोकला की पुढे पूर्ण वाक्य.”

म्हटलं, “आमच्यातही आहे. निरोप घेताना ७३ म्हणतात. म्हणजे शुभेच्छा.”

“ते तुमचं नाही. आमचंच आहे,” काका म्हणाले. “जुन्या तारवाल्यांचं. तुम्ही उचललंत.” आणि हे खरं आहे.

माडाला परवानगी मिळाली. अट एकच: “वाजवशील तेव्हा खिडकी उघडी ठेव.” ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, ते मला कळलं नाही.

रविवारी नारळ उतरवणारा बोलावला. तो म्हणाला, “उतरवायचा दर ठरलेला आहे. चढवायचा दर काय लावू?” एक रोप, एक कप्पी आणि पन्नास रुपये जास्त, असं ठरलं. माड वाऱ्याने डोलतो, म्हणून तार नुसती बांधली तर तुटते. तिचं टोक कप्पीवरून सोडून खाली वाळूने भरलेला तेलाचा डबा टांगायचा. माड पुढे झुकला की डबा खाली, मागे गेला की डबा वर. झुकणाऱ्याबरोबर झुकायचं आणि तरी ताण सोडायचा नाही. ही युक्ती आमच्या सोसायटीला सहा वर्षांपूर्वी सुचती तर बरं झालं असतं.

मग मीटर लावला. याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात आणि तो बँकेच्या माणसाला चटकन कळतो. आपण तारेकडे जेवढी शक्ती पाठवतो, त्यातली किती तिने न स्वीकारता परत पाठवली, ते तो सांगतो. म्हणजे न वटलेल्या चेकचा हिशेब. मीटरवर तीन आले तर शंभरातले पंचवीस परत. तार मुद्दामच थोडी लांब कापतात. शिंप्याला विचारा, कमी करता येतं, वाढवता येत नाही. मग दोन्ही टोकांची दोन-दोन इंच कमी करत, गच्चीवर चढत-उतरत, संध्याकाळी दीडवर आलो. आता शंभरातले फक्त चार परत. आमच्या शाखेचे चेक इतके वटत नाहीत.

रात्री यंत्र लावलं, तर नुसता गोंगाट. एलईडीचे दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, यांतला प्रत्येक जण रेडिओच्या पट्ट्यात आपापली बडबड करत असतो. उपनगरातल्या हॅमला सगळं जग ऐकू येतं, फक्त शेजाऱ्यांच्या दिव्यांमागून. आणि मग साडेनऊला आमच्या विभागाची वीज गेली. सगळीकडून “अरे देवा!” असा आवाज उठला. माझं यंत्र बॅटरीवर होतं. कानात एकदम गाभाऱ्यासारखी शांतता झाली, आणि त्या शांततेत लांबून, बारीक, आवाज यायला लागले. वीज गेल्यावर आनंद होणारा डोंबिवलीतला मी पहिला करदाता असेन.

मी मोर्समध्ये हाक दिली. सीक्यू. आहे का हो कुणी? उत्तर आलं ते अंबरनाथहून. लोकलने वीस मिनिटांचा रस्ता. त्या गृहस्थांनी फार आनंद व्यक्त केला आणि डोंबिवलीला वीज आहे का, असं विचारलं.

पण सात मेगाहर्ट्झचा पट्टा रात्री लांब जातो. सूर्य मावळला की आकाशातला लहरी गिळणारा थर विरतो, त्याच्या वरचा थर लहरी परत जमिनीकडे वळवतो, आणि आपल्या पन्नास वॅटांना समुद्र ओलांडता येतो. अकराच्या सुमारास पुन्हा हाक दिली, आणि मार्कोनीच्या गावाकडचा, इटलीतला एक निवृत्त रेल्वे कर्मचारी उत्तराला आला. आवाज चढत-उतरत होता. नाव, गाव, हवामान, आणि शेवटी ७३. सात मिनिटं.

सकाळी सातला दार वाजलं. दारात काका. सहा वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या इमारतीचे तीन जिने चढले होते. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, आणि त्याच्या पाठीवर तारेच्या ठशात, सरळ ओळीत, रात्रीचं सगळं संभाषण. आवाज बुडाला तिथे माझ्या वहीत टिंबं होती. तिथे त्यांच्याकडे अक्षरं होती. “तुझा इटलीवाला जुना आहे,” ते म्हणाले. “हात चांगला आहे त्याचा.” माणसाच्या हाताला ओळखतात, तसं ते म्हणाले.

परवान्याशिवाय कुणाला किल्लीला हात लावता येत नाही, त्यामुळे काका नुसते ऐकतात आणि लिहितात. गेल्या महिन्यात मी त्यांना परीक्षेचा फॉर्म भरून दिला. शैक्षणिक पात्रता लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, “वेगाची परीक्षा आठ शब्दांचीच ना? इतकं हळू मला जमेल ना रे?”

जाता जाता एक तांत्रिक माहिती देतो, कारण अशा लेखात ती असावी लागते. डायपोलच्या टोकांना दाब सर्वांत जास्त असतो आणि प्रवाह जवळजवळ शून्य. टोकाला गेलेल्यांचं असंच असतं. सर्वांत जास्त प्रवाह असतो तो तारेच्या मध्यावर. आमच्या तारेचा मध्य मी मोजून पाहिला. तो बरोबर कंपाउंडच्या भिंतीवर येतो.

नारळ हल्ली काका स्वतःच आमच्या सेक्रेटरींकडे पाठवतात. ते कुठल्या खात्यात धरायचे, हा विषय पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत आहे.